डायमंड इलेक्ट्रोड अचानक बिघडला, तातडीची मदत हवी आहे

रखडलेला_एमेस्सी
मंडळी, बीडीडी (बोरॉन घातलेल्या हिऱ्याची फिल्म असलेला) इलेक्ट्रोड वापरतोय. इलेक्ट्रोड तपासायला फेरीसायनाइडचं सोल्युशन घेऊन सीव्ही काढतो (व्होल्टेज पुढे-मागे फिरवून करंटचा आलेख). मागच्या महिन्यात त्यात दोन पीकमधलं अंतर ८० मिलिव्होल्ट होतं (जितकं कमी तितकं बरं), आज सकाळपासून ३४०! सोल्युशन तीनदा नवीन बनवलं. शुक्रवारी प्रेझेंटेशन आहे, आणि गाईड म्हणतात, "तूच काहीतरी केलं असशील." मी काहीच केलेलं नाही. इलेक्ट्रोड मेला का? नवा घ्यायला पैसे नाहीत. प्लीज लवकर सांगा.

जुना_खिलाडी
स्कॅन रेट किती? रेफरन्स इलेक्ट्रोड कुठला? फिल्म सिलिकॉनवर आहे की नायोबियमवर? कनेक्शन कसं घेतलंय? हे न सांगता "मेला का" विचारणं म्हणजे डॉक्टरला फोन करून "दुखतंय" एवढंच सांगण्यासारखं आहे.

ऐरोलीकर
साधा ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड घे. ॲल्युमिना पावडरवर पाच मिनिटं घास, काम चालू. बीडीडीचे चोचले हवेत कशाला?

रखडलेला_एमेस्सी
१०० मिलिव्होल्ट प्रति सेकंद, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड, १ मोलर केसीएल. चिप सिलिकॉनवर आहे, मागे सिल्व्हर पेस्ट, त्याला क्रोकोडाइल क्लिप. @ऐरोलीकर काका, तळोज्याच्या नाल्यातून खाडीत जाणाऱ्या पाण्यातलं शिसं मोजायचंय, गाईडना बीडीडीच हवंय.

बेलापूरची_बेला
@ऐरोलीकर, चोचले नाहीत हो. पाणी न फुटता मोजायला बीडीडीला तीन व्होल्टपेक्षा रुंद पट्टा मोकळा मिळतो, तेवढा ग्लासी कार्बनला नाही. बॅकग्राउंड करंटही कितीतरी कमी, त्यामुळे बारीक पीक बुडत नाही. शिवाय गाळाच्या पाण्यात पृष्ठभाग सहजासहजी माखत नाही.

जुना_खिलाडी
सिल्व्हर पेस्ट! तिथेच घोळ. पापुद्रा सुटला की रेझिस्टन्स वाढतो आणि पीक फाकतात. पेस्ट खरवडून नवीन लाव.

बेलापूरची_बेला
आधी विचारू या ना. बाळा, मागच्या महिन्यानंतर इलेक्ट्रोड साफ कसा केलास?

रखडलेला_एमेस्सी
साफच केला फक्त. सिनियरने सांगितलं म्हणून ०.५ मोलर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये +३ व्होल्टला दहा मिनिटं ठेवला. पण ते तर क्लीनिंग आहे!

बेलापूरची_बेला
"काहीच केलेलं नाही" म्हणे 😄 अरे, सीव्हीडीतून (वायूपासून फिल्म वाढवायची पद्धत) निघालेल्या हिऱ्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन असतो. +३ ला ठेवलास की तिथे ऑक्सिजनचे गट बसतात. फेरीसायनाइड पृष्ठभागाच्या बाबतीत फार नाजूक, त्याचं इलेक्ट्रॉन देणंघेणं मंदावतं. फेरीसायनाइडऐवजी रुथेनियम हेक्सामीन घेऊन बघ, त्याला पृष्ठभागाचं फारसं पडलेलं नसतं. त्याच्या पीकमधलं अंतर ६०-७० च्या घरात आलं तर इलेक्ट्रोड ठणठणीत आहे.

जुना_खिलाडी
आणि रुथेनियम कॉलेजच्या कपाटात पडलेलं असतं का? मी अजूनही पेस्टच म्हणतो.

बेलापूरची_बेला
बरं, मग फुकटातली परीक्षा. स्कॅन रेट तोच ठेवून फेरीसायनाइड पाचपट पातळ कर. रेझिस्टन्सचा खेळ असेल तर करंट घटला की अंतर आवळेल. पृष्ठभागाचा असेल तर जवळपास जिथल्या तिथे राहील.

गप्पिष्ट_घणसोली
अवांतर: हा खरा हिरा असतो का? आमच्या सौ. विचारतायत अंगठीत बसेल का 😂

जुना_खिलाडी
हिराच, बोरॉन मिसळलेला. होप डायमंड निळा दिसतो तो त्यातल्या चिमूटभर बोरॉनमुळेच, आणि तो मूळचा आपल्या गोवळकोंड्याकडचा. इलेक्ट्रोडसाठी इतका बोरॉन घालतात की फिल्म काळी पडते. सौ.ना आवडणार नाही. हा उद्योग सुरू केला रशियनांनी, प्लेस्कोव्हचा पेपर १९८७ चा. लोक उगाच सगळं श्रेय जपान्यांना देतात.

ऐरोलीकर
जपान्यांनी निदान पुढे नेलं तरी! आमच्या सोसायटीच्या टाकीत क्लोरीन मोजायला कुठलं किट चांगलं, कोणी सांगेल का?

खाडीकाठ
एक महत्त्वाचं. फेरीसायनाइड आणि सल्फ्युरिक ॲसिड एकाच बेसिनमध्ये किंवा एकाच वेस्टच्या बाटलीत ओतू नकोस. ॲसिडमध्ये, त्यातून ते गरम असेल तर, हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. मधे सेल आणि इलेक्ट्रोड भरपूर धू.
आणि तुला शिसं मोजायचंय ना? मग फेरीसायनाइडच्या मागे का लागलायस? शिशाचं स्टँडर्ड ॲसिटेट बफरमध्ये घाल, -१ व्होल्टला दोन मिनिटं इलेक्ट्रोडवर जमव आणि स्ट्रिपिंग कर (जमलेलं शिसं परत विरघळवत करंट मोज). -०.५ च्या आसपास पीक आला की झालं.

जुना_खिलाडी
+१. हे खरं.

रखडलेला_एमेस्सी
अपडेट. पाचपट पातळ केलं, अंतर ३३५. म्हणजे पेस्ट नाही (सॉरी खिलाडी सर). शिशाचा पीक -०.५२ ला आला, उंची जुन्या वहीतल्यासारखीच! म्हणजे दोन दिवस मी उगाच घाबरत होतो. ताई, तरी आधीसारखं ८० करता येईल का? स्लाइडवर तोच आकडा छापून ठेवलाय.

बेलापूरची_बेला
ताज्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये -३ व्होल्टला अर्धा-एक मिनिट ठेव, हायड्रोजन परत बसेल. बुडबुडे येतील, येऊ देत. धू आणि लगेच सीव्ही काढ, हवेत पडून राहिला की हळूहळू पुन्हा बदलतो. ८० नाही आला तरी नंतर आलेला आकडाच स्लाइडवर टाक.

रखडलेला_एमेस्सी
९५ आला!! स्लाइड बदलतो. फक्त गाईडना "+३ ला दहा मिनिटं" अजून सांगितलेलं नाही, तेव्हा हा धागा कोणी कॉलेजच्या ग्रुपवर टाकू नका, प्लीज.

ऐरोलीकर
टाकला असता, पण क्लोरीनच्या किटचं कोणी सांगितलंच नाही.