आईची साखर ८.९ आणि हिरड्यांतून रक्त: संबंध असतो का?

सांगलीची लेक:
आई ६१ वर्षांची, १२ वर्षं मधुमेह. दिवाळीपासून चूळ भरली की रक्त दिसतं आणि खालचे पुढचे दोन दात हलतात. भाकरी दुधात कुस्करून खाते. दुखत मात्र काहीच नाही, म्हणून दाखवायला तयार नाही. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, ७.६ वरून ८.९ वर गेलंय. खाणं तेच, चालणं तेच. गोळी वाढवली, पण तोंड उघडून कोणी बघितलं नाही. शेजारच्या काकू म्हणतात, दात साफ केले की आणखी हलतात. खरं आहे का? फार काळजी वाटते.

निवृत्त कंडक्टर:
ताई, हे ऐकूनच मी दोन वर्षं घालवली आणि एक दाढ गेली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी बारीक सळईनं हिरडी मोजली. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर जाते, माझी मागच्या दाढांना ७ गेली. चार बैठकांत खालपर्यंत साफ केलं. नंतर दातांत फटी पडल्यासारख्या वाटल्या, गार पाणी झिणझिणायचं. पण फटी नव्या नव्हत्या, तिथलं कीट निघालं होतं! तीन महिन्यांनी साखर ८.४ ची ७.९ झाली. आई मिश्री लावतात का?

सांगलीची लेक:
हो काका. सकाळ-संध्याकाळ.

हिरड्यांची डॉक्टर:
संबंध आहे, आणि दोन्ही बाजूंनी आहे. साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत आणि जखम उशिरा भरते. उलट हिरड्यांतली जुनी सूज रक्तात उतरते आणि इन्सुलिनचं काम अडवते. १९९३ साली हिरड्यांच्या आजाराचे संशोधक हॅराल्ड लो यांनी हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. डोळे आणि मूत्रपिंडं आपण तपासतो, तोंड राहून जातं. हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ नं उतरतं, पण तेवढ्यावर गोळ्या बंद करायच्या नाहीत.

मिश्रीतल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त कमी दिसतं आणि आजार झाकला जातो. तरीही रक्त येतंय, म्हणून थांबू नका. सकाळची वेळ घ्या. नाश्ता करून, नेहमीची औषधं घेऊनच न्या; उपाशी नेलं तर खुर्चीतच साखर उतरू शकते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. हलणारे दात लगेच काढायला होकार देऊ नका, सूज उतरल्यावर काही दात घट्ट होतात.

सांगलीची लेक:
तुमचं दोघांचं लिहिलेलं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. दात वाचू शकतात म्हटल्यावर उठून बसली. शनिवारी साडेनऊची वेळ घेतली आहे. मिश्रीची डबी अजून कनवटीलाच आहे, पण आज संध्याकाळी तिनं ती उघडली नाही.