मदत हवी आहे: निरीक्षण विहिरीच्या जुन्या नोंदी कशा मिळवायच्या?
नमस्कार मंडळी. जायकवाडीच्या साधारण ७६ टीएमसी उपयुक्त साठ्यापैकी किती पाणी उरलंय, हे जलसंपदा विभागाच्या रोजच्या आकडेवारीतून घरबसल्या कळतं. पण आमच्या गावाला ना कालवा, ना धरण. सगळी भिस्त विहिरींवर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. अशी एक विहीर आमच्या शिवारातही आहे. तिच्या गेल्या दहा वर्षांच्या नोंदी हव्यात, विशेषतः ऑक्टोबरच्या. रब्बीला काय पेरायचं ते त्यावरच ठरतं. दोन कार्यालयांत हेलपाटे घातले, हाती काही लागलं नाही. अर्ज नेमका कोणाकडे करायचा? ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा लागतो का? कुणी मिळवल्या असतील तर कृपया सांगा.