एकटे राहणारे आपले ज्येष्ठ : अनुभव लिहा

दोघांतलं एक मागे उरतं, मुलं बाहेरगावी, आणि "मी माझ्या घरीच बरी" हे ठाम. अशा घरांत तब्येत आणि मन कशाने टिकलं, ते लिहा. उपदेश नको, घडलेलं हवं.

सातारा, वय ७६
मी एकटीच राहते. दुधाची पिशवी साडेसातनंतरही कडीला दिसली तर समोरच्या वहिनींनी बेल वाजवायची, असं ठरलंय. जादा किल्ली त्यांच्याकडेच. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात घसरले, उठता येईना. आतून कडी लावत नाही, म्हणून वहिनी थेट आत आल्या. खुबा वाचला. आता भिंतीला धरायला दांडा बसवलाय, अंघोळीला स्टूल, पॅसेजमध्ये रात्रभर छोटा दिवा. रक्तदाबाची गोळी चालू असल्याने डॉक्टरांनी बजावलंय : झोपेतून उठलं की आधी खाटेवर बसायचं, मगच पाय टाकायचा. एकट्या माणसाने हे पाळावंच.

डोंबिवली, मुलगी
आई गेल्यावर बाबांचं जेवण म्हणजे चहा-खारी. डबा लावला, तो अर्धा परत जायचा. पायांना मुंग्या येत. तपासणीत बी-१२ कमी निघालं. इंजेक्शनांनी मुंग्या थांबल्या, पण भूक परत आणली ती शेजारच्या काकूंनी. "भाऊ, मला एकटीला घास उतरत नाही, दुपारचं पान इकडेच घेते." त्या माऊलीचे उपकार फिटायचे नाहीत.

खेड, भाचा
२०२२ मध्ये पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी मोफत झाली. तेव्हापासून आत्या भजनाला तालुक्याला जाते. गुडघे कुरकुरतात, तरी जाते.

पुणे, वय ७२
"बँकेतून बोलतोय, केवायसी संपलंय" असा फोन आला की मी ठेवून देतो. फ्रिजवर दोन नंबर ठळक लिहिलेत : सायबर फसवणुकीसाठी १९३०, ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७. एकटेपणात गोड आवाज फार जवळचा वाटतो, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

न्यू जर्सी, मुलगा
आई सांगलीत, निवृत्त शिक्षिका. "गोळी घेतलीस का?" विचारलं की चिडायची. आता ती व्हिडिओ कॉलवर नातीला पावकी-निमकी शिकवते. शिकवणी तिच्या सकाळी असते, म्हणून नाश्ता आणि गोळी त्याआधीच उरकते. विचारावं लागत नाही.