स्विच पीएस2 ला मागे टाकणार का? पैज आहे, सुरमई थाळीची

ठाण्याचा_बाळ्या:
मंडळी, 2021 च्या मे महिन्यात मी आणि माझा आतेभाऊ यांच्यात पैज लागली. मी म्हटलं, निन्टेंडो स्विच हा सगळ्यात जास्त खपलेला कन्सोल (गेम खेळायचं मशीन) ठरणार, सोनीच्या पीएस2 ला, म्हणजे प्लेस्टेशन 2 लाही मागे टाकणार. तो म्हणाला, शक्यच नाही. हरणाऱ्याने सुरमई थाळी द्यायची, सोलकढी अनलिमिटेड.

तेव्हा माझं गणित सोपं होतं. मार्च 2021 पर्यंत स्विच 8 कोटी 46 लाख गेला होता आणि ते एकटं आर्थिक वर्षच 2 कोटी 88 लाखांचं. घरात कोंडलेलं अख्खं जग स्विच घेत होतं. म्हटलं, डोंगराच्या माथ्यावर आलोय, उतरणही एवढीच असेल, म्हणजे दुप्पट. जवळपास 17 कोटी.

आता नोव्हेंबर 2025 आहे. सप्टेंबरअखेरचा आकडा आलाय: 15 कोटी 40 लाख 10 हजार. निन्टेंडोचाच जुना, हातात धरून खेळायचा डीएस 15 कोटी 40 लाख 20 हजारांवर थांबला होता, म्हणजे फक्त दहा हजारांनी मागे! पण पीएस2 चं घोडं अडलंय. पैज लावली तेव्हा सगळीकडे पीएस2 चा आकडा साडेपंधरा कोटी असा धरत. 2024 मध्ये सोनीने 16 कोटींच्या वर असं सांगितलं. बंद होऊन अकरा वर्षं झालेल्या मशीनचा आकडा अर्ध्या कोटीने वाढला! आतेभाऊ म्हणतो 16, मी म्हणतो 15.5. स्विच शेवटी कुठे थांबेल, आणि कुठला आकडा धरायचा, सांगा.

आकडेमोड_कोल्हापूर:
बाळ्या, तुझी "दुप्पट" युक्ती अगदीच टाकाऊ नाही. फ्रँक बास यांनी 1969 मध्ये मांडलेल्या मॉडेलमध्ये असंच काहीसं आहे. नवी वस्तू आधी हौशी लोक घेतात, मग त्यांचं बघून बाकीचे. विक्रीचा वेग सर्वाधिक असतो तेव्हा एकूण विक्रीच्या निम्म्याच्या जरा अलीकडे आपण असतो. मी एम.एस्सी.च्या पोरांना हे कन्सोलवरच शिकवते, फ्रिजच्या आकड्यांना कोण विचारतंय.

निन्टेंडोचा जुना कन्सोल वी (Wii) बघ. सर्वांत मोठं वर्ष मार्च 2009 ला संपलं, तेव्हा एकूण 5 कोटी 4 लाख. दुप्पट केलं तर 10 कोटी 8 लाख. प्रत्यक्षात थांबला 10 कोटी 16 लाखांवर. पीएस4 मार्च 2017 ला, त्याचं मोठं वर्ष संपताना, साधारण 6 कोटी होता, शेवटचा आकडा 11 कोटी 72 लाख. वर्गात इथे टाळ्या पडतात.

मग मी डीएस काढते. त्याचंही मोठं वर्ष मार्च 2009 ला संपलं, एकूण 10 कोटी 18 लाख. दुप्पट केलं तर 20 कोटी. थांबला 15 कोटी 40 लाखांवर. स्मार्टफोन आले, 2011 मध्ये डीएसच्या जागी थ्रीडीएस आला, आणि उतरणीचा कडा झाला. टाळ्या बंद.

तुझ्या गणितात खोट इथेच आहे. वर्षाच्या शेवटी मोजतोयस, शिखर वर्षाच्या मध्यात असू शकतं. स्विचचं मध्यापर्यंत धरलं तर 7 कोटी, दुप्पट 14. शेवटपर्यंत धरलं तर 17. खरा आकडा या दोन्हींच्या मधे बसतोय, आणि एवढ्या रुंद फटीतून तुझी पैजच काय, आख्खी एसटी जाईल.

जुना_गाळा_लॅमिंग्टन:
मॅडमचं गणित बरोबर असेल, पण मी 2003 ते 2016 हा माल विकलाय, माझं ऐका.

पहिली गोष्ट, कंपनीचा आकडा म्हणजे गोदामातून निघालेला माल. गिऱ्हाईकाच्या हातातला नाही. एका वर्षी मार्चएंडला आमच्या डिस्ट्रिब्यूटरने टार्गेट पुरं करायला बारा हँडहेल्ड (हातात धरून खेळायचे कन्सोल) गळ्यात मारले, "शेठ, क्रेडिट घ्या, नंतर बघू." बारा खोकी पोटमाळ्यावर चढली. गणपतीत मखराचं सामान काढायला वर गेलो तर नऊ तिथेच, वर उंदराच्या लेंड्या. पण त्याच्या वहीत बारा "विकले" होते! अर्थात अख्ख्या आयुष्याचा हिशेब करताना हे गौण, शेवटी सगळं कुठे ना कुठे खपतंच. तिमाहीच्या आकड्यावर मात्र उड्या मारू नका.

दुसरी, खरी गोष्ट भाव. पीएस2 मोठा का झाला? पीएस3 2006 मध्ये आला, तरी त्यानंतर पीएस2 आणखी चार कोटींच्या वर खपला! अमेरिकेत 299 डॉलरला निघालेला तो 2009 मध्ये 99 वर आला. आमच्याकडे माझगावच्या शाळेतला शिपाई पोराला घेऊन यायचा, पोरगा काचेला नाक लावून क्रिकेट 07 हा गेम बघत उभा. तीन दिवाळ्या नुसतं बघून गेले. चौथ्या दिवाळीला भाव उतरला, बोनस झाला, बापाने रुमालात गुंडाळलेले पैसे काढून मोजले. हे गिऱ्हाईक शिखराच्या वर्षी कुठल्या आलेखात दिसतं?

आता स्विचचं उलटं झालंय. 299 ला निघाला, आणि ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेत साध्या मॉडेलचा भाव 340 केला. नवा स्विच 2 जूनमध्ये आला आणि जुना महाग! विक्रीची शेपूट लांब व्हायची कशी?

आणि हो, भारतात निन्टेंडो हे अधिकृत विकत नाही, सगळा दुबई-हाँगकाँगचा माल. तुमच्या घरातला स्विच भारताच्या खात्यात नाही.

आकडेमोड_कोल्हापूर:
शेठ, तो शिपाई मी उद्या वर्गात वापरणार. बासच्या मॉडेलमध्ये भाव नसतोच. नंतरच्या लोकांनी घातला, पण मी पोरांना साधंच शिकवते.

तुमच्या मुद्द्याला आकडे जोडते. थ्रीडीएस मार्च 2017 ला, म्हणजे स्विच बाजारात आल्यावर महिनाभराने, 6 कोटी 61 लाख होता. त्यानंतरही 98 लाख गेला! कारण त्याचाच स्वस्त भाऊ टूडीएस अमेरिकेत 80 डॉलरला मिळत होता. वी मात्र, त्याच्या जागी वी यू आल्यावर, मार्च 2013 नंतर जेमतेम 18 लाख.

स्विचला या आर्थिक वर्षासाठी कंपनीने आधी 45 लाख धरले होते, आता 40 वर आणलेत. तेवढे झाले तर मार्च 2026 ला 15 कोटी 61 लाख. 16 गाठायला आणखी 39 लाख लागतील. वीसारखं झालं तर 15 कोटी 80 च्या आतबाहेर, थ्रीडीएससारखं झालं तर आरामात पार. माझा कौल 15 कोटी 80. भाव उतरवला तर बदलीन.

कंपनीच्या अंदाजावर फार विसंबू नकोस मात्र. वी यूच्या वेळी 90 लाख म्हणाले होते, जानेवारी 2014 मध्ये 28 लाखांवर आणले.

ठाण्याचा_बाळ्या:
म्हणजे 16 धरलं तर थाळी माझ्या खिशातून.

पण थांबा. काल रात्री जुना फोन चार्जरला लावून व्हॉट्सअॅप चाळलं. पैजेचा मेसेज सापडला. मी लिहिलंय, "स्विच पीएस2 ला मागे टाकणार, लिहून घे." आकडा नाही, माझाच गाढवपणा. पण त्याखाली आतेभावाचं उत्तर आहे: "साडेपंधरा कोटी? दादा, मोडला तर थाळी माझ्याकडून." आकडा त्यानेच लिहिलाय!

आता फक्त दहा लाख हवेत, आणि मधे नाताळची तिमाही आहे. गेल्या वर्षी याच तिमाहीत 48 लाख गेले होते. यंदा पाव झाले तरी बास.

जुना_गाळा_लॅमिंग्टन:
स्क्रीनशॉट आत्ताच पाठवू नको त्याला. फेब्रुवारीत निकाल आला की पाठव, नाहीतर तो सोनीच्या 16 कोटींची बातमी पाठवून आधीच वाद घालत बसेल. आणि सुरमईचा भाव तोवर उतरतो का बघ, स्विचचा काही उतरायचा नाही.