मदत हवी आहे: घड्याळाचे चामडी पट्टे दोन महिन्यांत उसवतात, मनगटाला पुरळ येते

फोंड्याची
नमस्कार. घरी पर्स, पाकिटे, घड्याळाचे पट्टे बनवते. मार्चमध्ये एका ट्रॉलर मालकाने खलाशांसाठी 24 पट्टे करून घेतले. त्यातले 9 परत आलेत. शिवण उसवली आहे, दोन पट्टे घड्याळाला जोडणाऱ्या पिनेपाशीच तुटले आणि तिघांच्या मनगटाला पुरळ आहे. 1 जूनला मासेमारी बंद झाली की ती माणसे आपापल्या गावी जातील, त्याआधी नवे पट्टे द्यायचे आहेत. काय चुकले? लवकर सांगा.

दर्याकाठ
चामडे कुठले? दोरा कुठला? पट्टा किती रुंद? हाताने शिवता की मशीनवर? यातले काहीच न कळता काय सांगणार?

घड्याळ_वेडा
चामड्याचा नाद सोडा. ब्रिटिश संरक्षण खात्याने 1973 मध्ये सैनिकांसाठी नायलॉनच्या पट्ट्याचे मानक ठरवले. त्यालाच आज लोक नाटो पट्टा म्हणतात. एकच सलग पट्टी दोन्ही पिनांखालून जाते, त्यामुळे एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेला लटकून राहते. चामड्याच्या दोन तुकड्यांच्या पट्ट्यात पिन गेली की घड्याळ थेट समुद्रात.

कांपाल_18
नायलॉन पाणी पितो आणि दिवसभर ओला राहतो. स्टीलची चेन घ्यावी. 316एल, म्हणजे गंज कमी धरणाऱ्या जातीचे स्टील असेल तर खाऱ्या पाण्यातही चांगली टिकते. मी पंधरा वर्षे वापरतोय.

दर्याकाठ
@कांपाल_18 आपण ऑफिसात वापरत असाल. जाळे ओढताना चेनच्या कड्यांत धागा अडकतो, हाताचे केस उपटले जातात आणि कड्यांच्या फटींत मीठ व खवले साचतात. रोज गोड्या पाण्याने धुतली नाही तर 316एललाही बारीक खड्डे पडतात.

नवखा_म्हापसा
माझ्या घड्याळावर 50 मीटर लिहिले आहे. ते घालून पोहता येईल का? पावसात काचेच्या आत वाफ दिसते.

घड्याळ_वेडा
@नवखा_म्हापसा 50 मीटर हा प्रयोगशाळेतल्या दाबाचा आकडा. नवे घड्याळ असेल तर साधे पोहणे चालते, पण वाफ दिसते म्हणजे रबरी गॅस्केट गेली. आजच उघडून घ्या, नाहीतर आत गंज चढेल. पुढचे वेगळ्या धाग्यात विचारा.

फोंड्याची
चामडेच हवे, कारण मालकाला त्यावर बोटीचे नाव उठवून हवे आहे. रुंदी 20 मिमी. चामडे काळे, दुकानातून आणलेले, चांगल्या प्रतीचे. शिवण हातची.

रापी_आरी
बाय, "चांगल्या प्रतीचे" म्हणजे काय ते सांग. झाडाच्या सालीत कमावलेले की क्रोमच्या क्षारांत? दोरा सुती आहे का? पिनेभोवती वळवतेस तिथे रापीने, म्हणजे चामडे तासायच्या सुरीने, किती पातळ करतेस? माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे चपला शिवल्या. त्यांच्या हातची चप्पल क्वचितच मधून फाटायची, जायची ती वळणावर. पट्ट्याचेही तेच असते.

सांजवेळ
रोज रात्री खोबरेल चोळायला सांगा. आमच्या घरी पूर्वी चपला, पट्टे सगळ्याला खोबरेलच लावत.

रापी_आरी
@सांजवेळ नको. जास्त तेलाने चामडे सैल पडते, भोके लांबतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तेलकट चामड्यावर बुरशी आधी धरते. दोन महिन्यांतून एकदा थेंबभर चालेल, रोज नाही.

त्वचा_काळजी
पुरळ नेमकी कुठे आहे? फक्त बकलखाली असेल तर संशय धातूवर, निकेलच्या मुलाम्यावर. पट्ट्याच्या पूर्ण रेषेत असेल तर घाम, मीठ, ओलावा, कधी चामड्यातले क्रोम. यात गल्लत करू नका, उपाय वेगळे आहेत. पुरळ ओली असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

फोंड्याची
मघाशी नीट लिहिले नाही, क्षमस्व. आज तिघांनाही फोन केला. दोघांना फक्त बकलखाली, एकाला सगळीकडे. बकले ऑनलाइन घेतलेली, चकचकीत, स्वस्त. दोरा मेण लावलेला सुती. पिनेभोवती चामडे साधारण 0.4 मिमी करते, नाहीतर घड्याळात बसत नाही. चिकटवायला पाण्यातला पांढरा गोंद.

रापी_आरी
मग सगळे उत्तर यातच आहे. सुती दोरा सतत ओला राहिला की कुजतो, मेणाने फार तर महिनाभर वाचतो. पांढरा गोंद ओलाव्यात सुटतो. आणि 0.4 हा कागद झाला, तिथे पिन रोज घासते. वळणावर 0.8 ते 1 ठेव, आणि दोन थरांमध्ये न ताणणारी पातळ नायलॉनची फीत घाल, म्हणजे भोकेही लांबणार नाहीत. दोरा पॉलिएस्टरचा, 0.6 मिमी, दोन सुयांनी शिव. एक पदर तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. भोके गोल पंचाने पाड, सुरीने चीर देऊ नकोस, चीर पुढे पुढे फाटत जाते. चिकटवायला चपलेचे सोल्युशन, दोन्ही बाजूंना लावून सुकू दे, मग दाब.

घड्याळ_वेडा
एवढे करूनही खारे पाणी चामड्याला कडक करणारच. आतून एफकेएम, म्हणजे फ्लोरिनयुक्त रबर लावा. घाम, तेल, ऊन सगळे सोसते.

रापी_आरी
@घड्याळ_वेडा एफकेएमला सोल्युशन धरत नाही. घरी कसे चिकटवणार? मीही एकदा करून पाहिले, आठवड्यात सोलून निघाले.

घड्याळ_वेडा
मान्य. मग अख्खा पट्टाच साच्यातला रबरी घ्यावा. पण सिलिकॉन नको, एक चीर पडली की फाटतो.

त्वचा_काळजी
बकलसाठी: डायमिथाइलग्लायॉक्झिमचे द्रावण कापसावर घेऊन घासा. कापूस गुलाबी झाला तर निकेल सुटते आहे. 316एलमध्येही निकेल असते, पण बाहेर फार कमी सुटते. त्यालाही ज्याची त्वचा कुरकुरते त्याला टायटॅनियमचे बकल द्या. आणि पट्टा सैल बांधायला सांगा. उन्हात मनगट फुगते, सकाळी बरोबर बसलेला पट्टा दुपारी रुततो. भोकांत 6 मिमीऐवजी 5 मिमी अंतर ठेवलेत तर त्यांना नीट जुळवता येईल.

दर्याकाठ
माझा भाऊ तांडेल, म्हणजे बोटीवरचा प्रमुख आहे, त्याचे मनगट माझ्या दीडपट. सगळ्यांना एकच लांबी दिलीत का? नेहमीचे माप भोकांचा तुकडा 120 आणि बकलचा 75 मिमी. जाड मनगटाच्या माणसाला शेवटचे भोक लागते, मग ताण सगळा पिनेवर.

फोंड्याची
हो, सगळ्यांना एकच लांबी दिली. तुटलेले दोन्ही पट्टे त्यातल्या जाड मनगटांच्या माणसांचेच आहेत.

मी असे ठरवले आहे. पट्टा सलग पॉलिएस्टर पट्टीचा, दोन लांबींत. फक्त त्यावरचा सरकता लूप चामड्याचा, त्यावर बोटीचे नाव. लूप खराब झाला तर तेवढाच बदलून देईन. बकले 316एलची मागवली आहेत. मालक हो म्हणाले. चामडी पट्टा सोडवत नाही, म्हणून रापी_आरी यांनी सांगितल्याप्रमाणे दोन शिवून दर्याकाठ यांच्या भावाला वापरायला पाठवू का?

आणि 20 मिमीची पट्टी फोंड्यात कुठे मिळेल?

दर्याकाठ
पाठवा, मी त्याचे माप कळवतो.

कांपाल_18
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बॅगा दुरुस्त करणाऱ्यांना विचारा. सीटबेल्टसारख्या घट्ट विणीची मागा. टोक कापल्यावर ज्योतीवर वितळवाल ना? वितळलेली कड गरम असतानाच चमच्याच्या पाठीने चपटी दाबा, नाहीतर ती कडक कड मनगटाला बोचते आणि पुरळीची तक्रार पुन्हा येईल.