केपटाऊन: आईसोबत बो-कापची पायी फेरी कशी करावी? मदत हवी आहे

जानेवारीत आई (वय ६८) आणि मी केपटाऊनला चार दिवस आहोत. मुक्काम वॉटरफ्रंटजवळ. शहर वाटाड्यासोबत पायी पाहायचं आहे: कंपनीज गार्डन, डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम आणि मुख्य म्हणजे बो-काप, म्हणजे डोंगरउतारावरची जुनी मुस्लिम वस्ती. तिथे गुलाम म्हणून नेलेल्यांत हिंदुस्थानातलेही लोक होते, हे वाचल्यापासून १७९४ सालची औवल मशीद आईला बघायचीच आहे.

अडचण तिच्या गुडघ्याची. सपाटीवर दोन तास आरामात चालते, सावकाश चढतेही. पण उतार, त्यातही दगडी फरसबंदीचा, झेपत नाही. दोन टूरवाल्यांना विचारलं. एकाने 'सोपं', दुसऱ्याने 'मध्यम' एवढंच कळवलं, उताराबद्दल कुणीच बोललं नाही. नकाशावरून चढ कळत नाही. खासगी वाटाड्याचा खर्च चालेल, बसची टूर मात्र नको. टेबल माउंटनला केबल कारनेच जाऊ. वाऱ्यामुळे ती बंद राहते म्हणून पहिले दोन दिवस लवचीक ठेवलेत.

वेल स्ट्रीटने खालून वर चालत जाऊन वरूनच टॅक्सीने परतणं कुणी ज्येष्ठांसोबत केलंय का? मशिदीपर्यंतचा रस्ता कितपत उताराचा आहे, आणि वाटाडे मार्गात असा बदल करून देतात का?