'मूल्यमापन' की 'चिकित्सा'?

उच्च तापमानाला पदार्थांची उष्माधारकता, एन्थॅल्पी, एन्ट्रॉपी अशा उष्णतेशी निगडित गुणधर्मांच्या विदेचं (डेटाचं) 'इव्हॅल्युएशन' कसं करतात, यावर टिपण लिहितोय. मूल्यमापन लिहिलं की प्रगतिपुस्तक आठवतं, मूल्यांकन म्हटलं की जमिनीचा भाव. इथे दोन्ही शब्द चुकीचे आहेत, असं माझं ठाम मत आहे. मी 'चिकित्सा' सुचवतो.

काम काय असतं ते बघा. लोखंडाचा तुकडा कुपीत घालून भट्टीत १५०० केल्विनपर्यंत तापवायचा, मग खालच्या कॅलरीमापीत, म्हणजे उष्णता मोजणाऱ्या उपकरणात, सोडायचा आणि निवताना त्याने किती उष्णता टाकली ते मोजायचं. हे झालं मापन. चिकित्सेला सुरुवात होते ती चार प्रयोगशाळांचे चार वेगळे आकडे समोर आल्यावर. नमुना शुद्ध होता का? भट्टीत त्यावर ऑक्साइड धरलं का? ११८५ केल्विनच्या आसपास लोखंडाची स्फटिकरचना बदलते. झटकन निवताना ती पूर्ण उलटली का? वरच्या तापमानाचा आलेख २९८.१५ केल्विनला (२५ अंश सेल्सिअसला) त्याखालच्या तापमानांच्या मोजमापांशी विनासांधा जुळतो का?

त्यात तापमानाची मापश्रेणीही बदलत आलेली. सोन्याचा गोठणबिंदू १९४८च्या श्रेणीत १०६३ अंश सेल्सिअस, १९६८च्या श्रेणीत १०६४.४३ आणि १९९०च्या श्रेणीत १०६४.१८. सोनं तेच! म्हणून जुना आकडा आधी आजच्या श्रेणीत आणायचा, मगच शेजारी ठेवायचा.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली, तिथेही हीच रीत होती: अनेक पोथ्या ताडून, कोणता पाठ, म्हणजे कोणत्या पोथीतला मजकूर, का धरायचा ते ठरवायचं. आपल्याकडे या कामाला शब्द तयार आहे, तो रसायनात का आणू नये?

एकांनी हरकत घेतली, "चिकित्सा म्हटलं की दवाखानाच आठवतो."

आठवतो, मान्य. पण "किती चिकित्सा करतोस!" असं आपण भाजी निवडणाऱ्यालाही म्हणतोच ना? उलटसुलट बघून, खोट शोधून मग घेणं, हा अर्थ बोलीत पक्का रुजलेला आहे. व्याकरणातही हा शब्द जुगुप्सा, तितिक्षा यांच्या घरातला, सन्नन्त, म्हणजे संस्कृत धातूला 'सन्' प्रत्यय लागून झालेला. 'छाननी' मात्र मला अपुरी वाटते. छाननीत अर्ज बाद होतात, आकडा दुरुस्त होत नाही.

मग चिकित्सेअंती निवडलेल्या आकड्याला, 'रेकमेंडेड व्हॅल्यू'ला, काय म्हणायचं? 'शिफारस केलेले मूल्य' तक्त्याच्या रकान्यात मावत नाही. पाठचिकित्सेत 'ग्राह्य पाठ' म्हणतात, तसं 'ग्राह्य मूल्य' म्हणावं. आणि न घेतलेले आकडे पाठभेदांसारखे तळटीपेत, कारणासकट द्यावेत. उद्या कुणी नवं मोजमाप केलं, तर त्याला तेच आधी लागतील.